फटफटीची नाडी

दिवाळीला भाचा येणार म्हटले की मामाच्या घरी गडबड उडते ती फराळाची. गेल्या दिवाळीत वसुबारसेच्या संध्याकाळी आमच्या धाराशिवच्या घरी चकलीचा पहिला घाणा कढईत होता, तोच दारात असा काही बार उडाला की आमच्या सौभाग्यवतींच्या हातातला झारा निसटला. "मेल्या पोरांनी आजपासूनच सुतळी बॉम्ब सुरू केले!" असे म्हणत ती बाहेर आली, तर दारात फटाका नव्हता आणि पोरेही नव्हती. होता तो आमचा भाचा, पुण्याला इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला, आणि त्याची दोनशे सी.सी.ची मोटारसायकल. त्याने रेस सोडली की तिच्या सायलेन्सरमधून तोफेचे बार निघत होते.

"मामा, याला आवाज नाही म्हणायचं. याला पॉवर म्हणायचं!" तो मोठ्या थाटात म्हणाला.

त्याच्या पाठीवरच्या पिशवीतून कपडे निघाले ते दोनच. बाकी निघाला लॅपटॉप, वायरींचे एक भेंडोळे आणि काडेपेटीहून थोडी मोठी अशी एक काळी डबी. मूळचा सायलेन्सर काढून सोलापूरच्या घरी माळ्यावर टाकला होता आणि त्या जागी मोकळ्या तोंडाचा नवा बसवला होता. आता सुट्टीत तो गाडीचे ट्यूनिंग करणार होता, तेही आमच्या अंगणात. "पान्यालाही हात लावायचा नाही, मामा. सगळं सॉफ्टवेअरवर. आणि भाऊबीजेला आईला सोलापूरहून याच गाडीवर घेऊन येतो की नाही बघा."

आमची बहीण त्या गाडीवर मागे बसून तुळजापूरचा घाट चढणार, हे ऐकून मी जरा सावध झालो. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा भाचा किंवा मुलगा असेल. म्हणून त्या सहा दिवसांत आम्ही जे पाहिले आणि जे शिकलो, ते इथे सांगून टाकतो.

सिगारेटचा कागद आणि उस्तादांचा कान

माझ्या उमेदीच्या काळात माझ्याकडे एक जुनी येझदी होती. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार होणारी ती फटफटी १९९६ साली कारखान्याबरोबरच थांबली. शाळेची घंटा आणि येझदीचे नखरे यांत माझी जी ओढाताण होई, तीतून मला सोडवणारा माणूस म्हणजे आमचे उस्ताद. स्टँडच्या मागे त्यांचे पत्र्याचे दुकान आहे. तेव्हा ते विशीतले होते, आज पासष्टीचे आहेत. त्यांचे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही. सारे गाव त्यांना उस्तादच म्हणते.

उस्ताद पॉइंटचा गॅप बघायचे तो सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटच्या फटीत धरून. चाक हळूहळू फिरवायचे. कागद ज्या क्षणी सैल होऊन निसटे, तो ठिणगीचा क्षण. मग कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा फेरा आत, पाव फेरा बाहेर असा फिरवत, डोळे मिटून, ते इंजिनाचा आवाज ऐकत. एखादा गवई तंबोरा जुळवतो ना, अगदी तसे. सूर लागला की डोळे उघडत आणि म्हणत, "जा गुरुजी, तुमची दुसरी तासिका चुकायची नाही."

कार्बोरेटरची विद्या तशी सोपी होती. इंजिन हवा ओढते, ती हवा एका अरुंद गळ्यातून वेगाने जाते, आणि अत्तरदाणीच्या फवाऱ्यासारखे पेट्रोल आपोआप तिच्यात खेचले जाते. पेट्रोल किती यावे हे जेटच्या बारीक भोकावर अवलंबून. भोक ठरलेले, म्हणून हिशेबही ढोबळच. थंडीत गाडी चोक मागे, उन्हात गुदमरे.

हे ढोबळपण आपल्याकडे चांगलेच जाणवते. धाराशिव बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे. तेवढ्याने हवा मुंबईपेक्षा साधारण सहा टक्के विरळ होते. शिवाय डिसेंबरच्या पहाटेचे १२ अंश आणि मेच्या दुपारचे ४२ अंश यांत हवेच्या घनतेचा फरक जवळजवळ दहा टक्क्यांचा पडतो. हवा बदलली की पेट्रोलही बदलायला हवे. पण जेटच्या भोकाला ते कसे कळावे?

एस.टी.चे भाड्याचे कोष्टक

म्हणून मोटारसायकलीत संगणक आला. जपानच्या कावासाकीने १९८० मध्येच इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची मोटारसायकल बाजारात आणली होती. आपल्याकडे २००६ साली ग्लॅमर एफआय आली, २००७ साली पल्सर २२० आली. पण बहुतेक गाड्या कार्बोरेटरवरच चालत राहिल्या. १ एप्रिल २०२० पासून धुराचे भारत स्टेज सहाचे कडक नियम लागू झाले, आणि मग मात्र नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागी इंजेक्टर नावाची विजेवर उघडणारी बारीक तोटी बसली आणि सीटखाली कुठेतरी एक सीलबंद डबा बसला. त्याला ई.सी.यू. म्हणतात. हाच गाडीचा मेंदू.

या मेंदूचे काम ऐकून मी थक्क झालो. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला शंभर झाले. चार स्ट्रोकच्या इंजिनाला दोन फेऱ्यांत एकदा पेट्रोल आणि ठिणगी लागते, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा. दर वेळी हा मेंदू रेस किती दिली आहे, फेरे किती आहेत, हवा किती गरम आहे, इंजिन किती तापले आहे हे सेन्सरांना विचारतो, आणि तोटी सेकंदाच्या किती हजारांश काळ उघडी ठेवायची आणि ठिणगी कधी पाडायची ते ठरवतो.

तो ठरवतो कशावरून? भाच्याने लॅपटॉप उघडून दाखवले आणि मला एकदम आपल्या एस.टी.च्या भाड्याचे कोष्टक आठवले. आडव्या ओळीत इंजिनाचे फेरे, उभ्या ओळीत रेस. जिथे दोन्ही रांगा मिळतात त्या घरातला आकडा म्हणजे पेट्रोलचा हप्ता. सोळा गुणिले सोळा, अशी दोनशे छप्पन्न घरे. असेच दुसरे कोष्टक ठिणगीच्या वेळेचे. या कोष्टकाला ट्यूनिंगवाले 'मॅप' म्हणतात. सॉफ्टवेअरने ट्यूनिंग करणे म्हणजे दुसरे तिसरे काही नाही, या घरांतले आकडे बदलणे.

ते बदलण्याच्या वाटा तीन. एक, गाडीच्या मूळ मेंदूतच नवे कोष्टक लिहायचे. दुसरी, मूळ मेंदू आणि इंजिन यांच्यामध्ये एक डबी बसवायची. ती जाता-येता संदेशांत फेरफार करते. बंगळूरच्या रेस डायनॅमिक्स या संस्थेची पॉवरट्रॉनिक ही अशीच देशी बनावटीची डबी. (भाच्याची डबी कुठल्या बनावटीची होती हे सांगण्याचे कारण नाही. पुढे जे घडले त्यात दोष डबीचा नव्हता.) तिसरी वाट हौशी लोकांची, म्हणजे सबंध मेंदूच घरी जुळवायचा. अमेरिकेत बोलिंग आणि ग्रिपो या दोघांनी २००१ साली मेगास्क्वर्ट नावाचा असा संच काढला. पुढे ऑस्ट्रेलियातल्या जॉश स्ट्युअर्ट याने स्पीडुइनो काढला आणि त्याची सारी मांडणी जगाला खुली करून दिली. आता टेबलावर सोल्डरिंगची कांडी असलेला कोणीही माणूस ट्यूनरस्टुडिओसारख्या सॉफ्टवेअरवर बसून आपल्या इंजिनाचा भाग्यविधाता होऊ शकतो.

"मग कारखान्याने केलेलं कोष्टक वाईट असतं का?" मी विचारले.

"वाईट नाही, मामा. ते सगळ्यांसाठी असतं."

हे उत्तर मात्र त्याने बरोबर दिले. कारखान्याला लाखो गाड्या विकायच्या असतात. त्या लडाखच्या थंडीत चालाव्यात, आमच्या उन्हात चालाव्यात, कसल्याही पंपावरच्या पेट्रोलवर चालाव्यात, आणि शिवाय पुण्याच्या एआरएआयसारख्या, १९६६ पासून मोटारी तपासणाऱ्या संस्थेच्या धुराच्या परीक्षेतही उतराव्यात. म्हणून ते कोष्टक बाजारात मिळणाऱ्या तयार सदऱ्यासारखे असते. कुणाला अगदी अंगाबरोबर बसत नाही, पण कुणाला काचतही नाही. सायलेन्सर बदलला की इंजिनाच्या श्वासोच्छ्वासाची चाल बदलते आणि जुना सदरा तोकडा पडतो. तेव्हा नवे आकडे घालावे लागतात. इथवर सारे शास्त्राला धरून होते.

"तुझे आकडे तू कसे काढलेस?" मी विचारले.

तो जरा घुटमळला. "मित्राने दिले. त्याची गाडी सेम आहे."

मी काही बोललो नाही. पण मला आमच्या शाळेतल्या एका शिपायाची आठवण झाली. तो बाजारातून कुणाचा तरी जुना चष्मा घालून आला होता आणि म्हणत होता, "गुरुजी, फ्रेम तर सेम टू सेम हाय!"

इंजिनाची जीभ

धनत्रयोदशीला दुपारी आम्ही दोघे तुळजापूरला निघालो. देवीचे दर्शन घेतले आणि भाच्याला गाडीची चढावरची ताकद मला दाखवायची होती म्हणून घाट उतरून खाली गेलो. परत चढताना ऑक्टोबरचे ऊन, दोन माणसांचे ओझे, गिअर वरचा आणि रेस जवळजवळ पूर्ण. सायलेन्सरच्या गर्जनेच्या आड मला दुसराच एक आवाज ऐकू येऊ लागला. पत्र्याच्या डब्यात मूठभर वाटाणे घालून कोणी खुळखुळवावेत तसा.

"टॅपेट असेल," भाचा म्हणाला.

आता माझा कान काही उस्तादांचा नव्हे. पण चाळीस वर्षे त्यांच्या बाकड्यावर बसून एवढे कळले होते की हा आवाज चांगला नाही. रेस कमी करून, गिअर उतरवून, हळूहळू आम्ही परत आलो ते थेट स्टँडमागच्या पत्र्याच्या दुकानात.

उस्तादांनी लॅपटॉपकडे पाहिले नाही. गाडी निवेपर्यंत चहा पाजला. मग प्लग काढला, फडक्याने न पुसता तसाच उन्हात धरला आणि खिशातून भिंग काढले. वैद्य जशी रोग्याची जीभ बघतो तसा मेकॅनिक प्लग बघतो. जीभ काळी, काजळी धरलेली, तर पेट्रोल जास्त. विटकरी, बदामी, तर प्रकृती उत्तम. पांढरी फट्ट, तर पेट्रोल कमी आणि ताप जास्त. भाच्याच्या प्लगची जीभ पांढरी होती. आणि तिच्यावर रव्याहून बारीक, चमकणारे दोन-चार कण होते.

उस्तादांनी भिंग भाच्याच्या हातात दिले. "हे चमकायलंय ते काय आहे, ठाऊक आहे का लेकरा?"

"कार्बन?"

"कार्बन चमकतो का? हा तुझा पिस्टन आहे."

भाच्याचा चेहरा त्या प्लगइतकाच पांढरा झाला.

काय घडत होते ते वाचकांनाही समजावे म्हणून थोडे खुलाशाने सांगतो. सिलेंडरमध्ये ठिणगी पडल्यावर सारे पेट्रोल एकदम पेटत नाही. गवताच्या गंजीला एका टोकाने आग लावल्यावर ती पसरत जाते, तशी ज्योत पसरते. त्याला वेळ लागतो, म्हणून ठिणगी पिस्टन माथ्यावर पोचण्याआधीच पाडावी लागते. त्याला टायमिंग पुढे घेणे म्हणतात. योग्य तेवढे पुढे घेतले तर जोर वाढतो. फार पुढे घेतले, त्यात पेट्रोल कमी आणि इंजिन तापलेले असले, तर ज्योत पोचायच्या आधीच उरलेले मिश्रण आपले आपण भडकते आणि पिस्टनच्या डोक्यावर हातोडा बसल्यासारखा घाव बसतो. हेच नॉकिंग, हेच ते वाटाणे. असे घाव पडत राहिले की अॅल्युमिनियमचे कण सुटतात, मग रिंगा तुटतात, मग पिस्टनला भोक पडते. चालत्या गाडीचे इंजिन जाम झाले तर मागचे चाकही जाम होते.

भाच्याच्या मित्राने ठिणगी मूळ वेळेपेक्षा चार अंश पुढे घेतलेली होती आणि पेट्रोलही कमी केलेले होते. त्याच्या इंजिनाला, त्याच्या फिल्टरला, पुण्याच्या सपाट रस्त्यावर एकट्याने फिरायला ते चालून गेले असेल. आमच्या घाटात दोघांना घेऊन ते चालणार नव्हते.

"भाऊबीजेला आईला आणायचं म्हणत होतास ना?" मी एवढेच म्हटले. त्याने मान खाली घातली.

उस्तादांनी प्लग पुसून परत बसवला आणि आपल्या रिकाम्या दुकानाकडे बघत म्हणाले, "गुरुजी, पूर्वी फटफटी बोलायची, मला ऐकू यायचं. आता ती लिहायलीय. आणि मला ती लिपी वाचता येत नाही. नव्या गाड्या माझ्याकडे येतच नाहीत." मग भाच्याकडे वळून म्हणाले, "तुला वाचता येतं, पण ऐकू येत नाही. बस इथं. तू वाच, मी ऐकतो."

आपल्याच उसाचा अंश

उस्तादांचा पहिला प्रश्न होता, "पेट्रोल कुठलं घातलंस?" भाच्याला वाटले, पेट्रोल ते पेट्रोल. पण ते तसे राहिलेले नाही.

आमच्या जिल्ह्यात कळंबपासून उमरग्यापर्यंत ऊस उभा असतो. त्याची साखर होते हे सर्वांना ठाऊक. हल्ली त्याच उसापासून, मळीपासून आणि धान्यापासून निघणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात. हे प्रमाण देशभर २०२५ सालापर्यंत २० टक्क्यांवर आले. म्हणजे ज्या उसाच्या ट्रॉलीमागे आपली मोटारसायकल कुरकुरत चालते, त्याच जातीच्या उसाचा अंश तिच्या टाकीतही असतो!

इथेनॉलचे गुण दोन्ही बाजूंचे आहेत. ते नॉकिंगला चांगला आवर घालते. पण त्याच्या पोटात स्वतःचा ऑक्सिजन असतो आणि शक्ती लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांशच असते, म्हणून हप्ता मोठा द्यावा लागतो. नुसत्या पेट्रोलचा एक ग्रॅम पुरता जाळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साधारण साडेतेरा ग्रॅम पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन आठेक टक्के जास्त द्यायला हवे. संथ चालीत मूळ मेंदू ही चूक सुधारून घेतो. सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन हुंगणारा एक सेन्सर असतो. बॉश कंपनीचा हा शोध १९७६ साली प्रथम व्होल्व्हो मोटारीत बसला. तो 'पेट्रोल कमी' किंवा 'पेट्रोल जास्त' असे कळवत राहतो. पण पूर्ण रेस दिली की बहुतेक मेंदू या सेन्सरचे ऐकणे सोडतात आणि केवळ कोष्टकावर भिस्त ठेवतात. नेमके तिथेच मित्राचे उसने आकडे भाच्याला नडले.

एका वेळी एकच

मग नरकचतुर्दशीपासून आमच्या अंगणात खरे ट्यूनिंग सुरू झाले. भाच्याने सोलापूरच्या एका वर्गमित्राकडून 'वाइडबँड' जातीचा सेन्सर मागवला. मूळचा सेन्सर पेट्रोल कमी की जास्त एवढेच सांगतो, हा किती ते सांगतो. शेजारच्या वेल्डरने नव्या सायलेन्सरच्या नळीवर एक नट जोडून दिला, त्यात तो बसला. त्याचा आकडा 'लॅम्डा' नावाने लॅपटॉपवर उमटतो. एक म्हणजे चोख हिशेब, पेट्रोलही उरले नाही आणि हवाही उरली नाही. एकाच्या वर म्हणजे पेट्रोल कमी, खाली म्हणजे जास्त. इंधनात इथेनॉल किती, याचा हा हिशेब अडकत नाही, हा त्याचा मोठा गुण. संथ चालीला एक ठीक, पण चढावर जोर लावताना ०.८८ च्या आसपास हवे, म्हणजे जास्तीचे पेट्रोल इंजिन थंडही ठेवते.

उस्तादांनी तीन नियम घातले. पहिला, मूळ कोष्टक दोन ठिकाणी जपून ठेव. दुसरा, ठिणगी आधी मूळ जागी ने, मग पेट्रोलला हात लाव. तिसरा, एका वेळी एकच गोष्ट बदल. "दोन औषधं एकदम दिली तर कुठलं लागू पडलं कसं कळणार?"

पहाटे रस्ता मोकळा असताना आम्ही घाटात जात असू. भाचा चालवी, मी मागे, माझ्या पाठीवर पिशवी आणि पिशवीत लॅपटॉप, सारे आकडे आपोआप टिपून घेणारा. चालत्या गाडीवर पडद्याकडे बघायचे नाही, हा माझा नियम. तिसरा गिअर, ताशी चाळीस किलोमीटर, पाऊण रेस. घाट चढून झाला की कडेला थांबायचे, लॅपटॉप उघडायचा, आणि इंजिन कोष्टकातल्या कुठल्या घरांतून गेले ते पाहायचे.

पहिल्या दिवशी चढावरच्या घरांत आकडा होता १.०२. भाच्याने त्या घरांत चार टक्के पेट्रोल वाढवले, शेजारच्या घरांत थोडे कमी वाढवले, म्हणजे मध्ये पायरी राहू नये. पुन्हा घाट. पुन्हा चार टक्के. चौथ्या खेपेला, पाडव्याच्या पहाटे, आकडा ०.८८ वर आला. त्या खेपेला मागच्या सीटवर मी नव्हतो, उस्ताद होते. वर आल्यावर ते काही क्षण तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "वाटाणे गेले." प्लग काढला तर जीभ बदामी होऊ लागली होती.

भाच्याने त्यांना लॅपटॉपवर ती रेघ दाखवली. त्यांनी चष्मा सारखा केला आणि बोट रेघेवरून नेत एका जागी थांबवले. "इथं वळण होतं. रेस सोडलीस, मग एकदम दिलीस. इथं गाडी जराशी गुदमरली." खरेच, त्या जागी रेघेला एक बारीक खड्डा होता. भाच्याने तो पाहिलाही नव्हता. आणि उस्तादांनी आयुष्यात पहिल्यांदा इंजिनाचे अक्षर वाचले होते.

घरी हा उद्योग करू पाहणाऱ्यांसाठी चार शब्द. बंद खोलीत किंवा बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न देता जीव घेतो. मेंदूत नवे कोष्टक लिहीत असताना बॅटरी उतरली तर मेंदू कायमचा मुका होऊ शकतो, म्हणून बॅटरी आधी भरून घ्या. आणि पूर्ण रेसचे, वरच्या फेऱ्यांचे ट्यूनिंग रस्त्यावर करायचे नसते. त्यासाठी रोलरवर गाडी बांधून चालवण्याची यंत्रे मोठ्या शहरांत असतात.

कायदा काय म्हणतो

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या एका वकील स्नेह्यांनी आणखी एक पान वाढले. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेपासून गाडी मालकाने मनाने बदलायची नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या १८२-अ कलमाप्रमाणे अशा दर बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. धूर आणि आवाज यांच्या मर्यादा मोडल्या तर १९० वे कलम वेगळेच उभे राहते. मोकळ्या सायलेन्सरमध्ये विषारी धूर शमवणारी जाळी, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, बहुधा नसतेच. तो धूर जातो कुठे? ज्या मुलांना आपण दिवाळीत फटाके कमी उडवा म्हणून सांगतो, त्यांच्याच नाकात.

भाचा त्या रात्री लॅपटॉप न उघडता झोपला.

भाऊबीज

भाऊबीजेच्या सकाळी तो एकटाच सोलापूरला गेला. दुपार टळली तरी पत्ता नाही. सौभाग्यवती चारदा दारात जाऊन आली. मी वरवर वर्तमानपत्र वाचत होतो, पण कान रस्त्याकडे होते. तोफेचा बार ऐकू येईल म्हणून वाट पाहत होतो. आणि एकदम पाहतो तर गाडी दारात उभी, आणि बहीण पदर सावरत उतरते आहे!

"अरे, आवाज कसा आला नाही?" मी म्हणालो.

"मलाही तेच वाटलं, दादा," बहीण म्हणाली. "मंगळवारी हा निघाला तेव्हा सगळी गल्ली उठवून गेला. आज आला तो माळ्यावर चढला, दोन तास काही खुडबुड केली आणि म्हणाला, चल. घाटात मला झोप लागायची वेळ आली."

त्याने मूळचा सायलेन्सर परत बसवला होता आणि मूळचे कोष्टकही परत घातले होते. रात्री जेवणानंतर त्याने दोन्ही नोंदी शेजारी शेजारी मांडून मला दाखवल्या. चौथ्या गिअरमध्ये ताशी चाळीसवरून साठवर जायला मित्राच्या आकड्यांना लागलेला वेळ आणि मूळ गाडीला लागलेला वेळ यांत फरक असा नव्हताच. "आई तुमच्यापेक्षा हलकी आहे हे धरूनसुद्धा, मामा," तो प्रामाणिकपणे म्हणाला. आम्ही ज्याला ताकद समजत होतो, तो बहुतांशी आवाज होता.

"मग सहा दिवस फुकट गेले म्हणायचे?"

"नाही," तो म्हणाला. "आधी मला फक्त आकडे बदलता येत होते. आता कुठला बदलायचा नाही ते कळतं."

परत जाताना तो ओवाळणीचे पैसे घेऊन उस्तादांच्या दुकानात गेला. मी मागाहून पोचलो तेव्हा दोघे एका नव्या गाडीच्या सीटखाली वाकलेले होते. भाच्याने स्वतःच्या पैशांनी एक छोटा स्कॅनर आणला होता. तो गाडीला जोडला की तिचा मेंदू आपले दुखणे आकड्यांत सांगतो. कुठल्या आकड्याचा अर्थ काय, हे भाचा मराठीत एका वहीत लिहून देत होता, मोठ्या अक्षरांत.

आता दर आठवड्याला त्याचा उस्तादांना पुण्याहून फोन असतो. परवा मी दुकानावरून जात होतो. दोन नव्या गाड्या दाराशी उभ्या होत्या. उस्ताद एकीचा स्कॅनर जोडून वही चाळत होते. मला वाटले, आता कानाची गरज संपली. तेवढ्यात त्यांनी वही मिटली, गाडीच्या मालकाला म्हटले, "आकडा तर सेन्सर खराब आहे म्हणायलाय. थांबा जरा, गाडी चालू करा," आणि डोळे मिटून ते ऐकू लागले.